रसभरीला काजाचा दोरा

“एकतीस तारखेला, सकाळी सहा वाजता, वाटीभर. शिगोशीग भरलेली वाटी,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री टेबलावर आपटली.

मेहुणा इतका हसला की त्याच्या नाकावरचा चष्मा घसरून ओठावर आला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे चष्मा घसरण्यासारखी गोष्ट तो सहसा होऊ देत नसे. त्याला वाटीचं हसू आलं नव्हतं. तारखेचं आलं होतं.

कारण मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चौतीस वर्षांत त्यांनी शर्ट, पँट, कोट, झगे असं काय वाटेल ते शिवलं, पण त्यातली एकही वस्तू सांगितल्या दिवशी दिली नाही. काम अव्वल. टाका असा, की उलटून पाहिलं तरी सापडू नये. पण ‘कधी मिळेल’ म्हटलं की उत्तर एकच, “उद्या.” एका मुलाचा पहिलीचा गणवेश त्यांच्याकडे टाकला होता, तो तयार झाला तेव्हा मुलगा तिसरीत गेला होता, असं लोक सांगत. मास्तर म्हणत, हे साफ खोटं आहे, मुलगा दुसरीतच होता. स्वतःच्या लग्नाला ते अर्धा तास उशिरा पोचले होते, कारण स्वतःच्या पँटची तळपट्टी घालायची राहिली होती.

“भाऊजी, झाड आहे ते,” मेहुणा चष्मा वर सरकवत म्हणाला. “त्याला फळ कधी येणार हे तुम्ही कोण सांगणार?”

“झाड आहे म्हणूनच जमणार. मी शिवणार असतो तर मीच पैज लावली नसती.”

आता हे वाटीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. मास्तरांची बायको नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि ऐकून ऐकून मास्तरांच्याही तोंडी तेच बसलं होतं. नव्या गिऱ्हाइकासमोर ते आत बघून ओरडत, “सिस्टर, चहा टाकतेस का?” आणि गिऱ्हाईक मनात म्हणे, दोघं भाऊबहीण किती गुण्यागोविंदानं राहतात.

या सिस्टर एकतीस तारखेला नोकरीतून निवृत्त व्हायच्या होत्या. शेवटचे चार महिने त्यांनी स्वतःहून रात्रपाळी मागून घेतली होती, कारण वॉर्डातल्या तरण्या नर्सांची पोरं घरी लहान होती. संध्याकाळी आठला जायच्या, सकाळी सहाला यायच्या आणि झोपायच्या. मास्तर उठायचे आठला. त्यामुळे नवराबायकोची भेट म्हणजे एक जण डबा घेऊन निघतोय आणि दुसरा दुकान आवरतोय, तेवढीच.

आणि मास्तरांच्या मनात एक गोष्ट सलत होती. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला जे काही शिवून दिलं, ते उरलेल्या कापडातून. पुढचा भाग एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तराचा, पाठ दुसऱ्याच्या पडद्याची, बाह्या तिसऱ्याच्या कशाच्या तरी. बेतायचे मात्र असे की बघणाऱ्याला वाटावं, फॅशनच आहे. सिस्टरांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा वॉर्डात त्या हसत हसत म्हणाल्या, “माझ्या अंगावर अख्खी गल्ली असते हो,” आणि नेमके तेव्हा मास्तर डबा द्यायला दारात उभे होते. सगळे हसले. मास्तरही हसले, आणि डबा टेकवून लगेच निघून आले.

म्हणून त्यांनी ठरवलं. एकदा तरी हिला अख्खं काहीतरी द्यायचं, खास तिच्यासाठी केलेलं, आणि वेळेवर. लग्नाच्या पहिल्या वर्षी सिस्टरांनी एकदा सांगितलं होतं, की शाळेतून येताना त्या आणि त्यांच्या मैत्रिणी कुंपणाखालच्या रसभऱ्या गोळा करत. कागदी पिशवीत घातल्यासारखी पिवळी गोटी, आंबटगोड, खाल्ली की दुपारभर जिभेवर राहायची. “लग्नानंतर कुठे दिसलीच नाही बाई,” असं म्हणून त्या कणीक मळायला लागल्या. मास्तर तेव्हा कुणाच्या तरी पँटला बटण लावत होते. त्यांनी मान वर केली नव्हती, पण ऐकलं होतं. कपाटात टाकलेल्या कापडासारखं ते वाक्य त्यांच्याकडे चौतीस वर्षं पडून होतं आणि आता शिवायला घेतलं होतं.

मास्तर बियाणेवाल्या काकूंच्या दुकानात गेले. काकूंनी पुडी दिली आणि माहिती सांगायला सुरुवात केली.

“हे बघा मास्तर, आपल्याकडे ऊन फार. ऊन चढलं की ह्याची फुलं झडतात. दुपारची सावली करा. पाणी बेताचं. आणि फळ धरलं ना, की मुख्य गोष्ट लक्षात ठेवा, झाडावरून ते तोडायचं नाहीच मुळी, ते...”

“तोडायचं नाही. समजलं,” मास्तर म्हणाले. “उरलेलं उद्या ऐकतो काकू, दुकानात इस्त्री तापत ठेवून आलोय.”

इस्त्री खरंच तापत होती. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर तिचा ठसा उमटला, तो झाकायला मास्तरांना एक जास्तीचा खिसा लावावा लागला. या धांदलीत काकूंचं उरलेलं वाक्य ऐकायला जायचं राहिलं ते राहिलंच.

फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरशीची वाट होती. तिच्या कडेने मास्तरांनी सहा कुंड्या मांडल्या. रोपं वीतभर झाली तशी सिस्टरांनी एका संध्याकाळी विचारलं, “हे काय लावलंय?”

“वांगी,” मास्तर म्हणाले.

सिस्टरांनी पानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणून डबा उचलला.

“आणि हात लावायचा नाही हं कुणी. ही जात नाजूक असते.”

“बरं,” सिस्टर पुन्हा म्हणाल्या.

झाडांची निगा मास्तरांनी त्यांच्या पद्धतीने ठेवली. दर रविवारी गळ्यातली टेप काढून ते रोपांची मापं घेत आणि गिऱ्हाइकांच्या वहीत लिहीत. पहिली कुंडी, उंची सव्वीस, घेर चाळीस, डाव्या अंगाला थोडी झुकती. वही चाळताना एका जाड्या वकिलाला हे पान आपलंच वाटलं आणि तो म्हणाला, “मास्तर, एवढा बारीक कधी झालो मी?” त्या आनंदात त्याने दोन कोट शिवायला टाकले.

ऊन चढलं आणि काकू म्हणाल्या तशी फुलं झडू लागली. मास्तरांनी सावली शिवली. बांधली नाही, शिवली. जुन्या अस्तराचा मांडव, चारी बाजूंना दुमड, मधे चुण्या, काठीवर चढवायला काज आणि बटणं. सकाळी बटणं लावायची, ऊन उतरलं की काढायची. शेजारचे ड्रिल सर कुंपणावरून बघत होते. ते शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी अजून निवृत्त झाली नव्हती.

“मास्तर, माणसं कपड्यांसाठी हेलपाटे घालतायत आणि तुम्ही वांग्यांना कोट शिवताय?”

“वांग्यांनी वेळेत माप दिलं,” मास्तर म्हणाले.

फुलं टिकली. फुलांच्या जागी हिरवे कंदील लटकू लागले, आधी पाच, मग पंधरा, मग एके दिवशी मास्तरांनी मोजले तर एक्केचाळीस. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला चुकून वेळेवर पँट दिली. तो घाबरून म्हणाला, “मास्तर, तब्येत बरी आहे ना?”

आणि मग घात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले, तर छत्तीस.

मास्तरांनी पुन्हा मोजले. टेप लावून मोजले. छत्तीसच. पुढच्या दिवशी तीस. फरशीवर एक फळ नाही, एक टरफल नाही, झाडून पुसून लख्ख. त्याच्या दुसऱ्या दिवशी चोवीस झाले तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे पाखराचं काम नव्हतं, पाखरू पसारा करतं. हे कुणा शिस्तीच्या माणसाचं काम होतं. आणि गल्लीत शिस्तीचा माणूस एकच होता.

पण शेजाऱ्याला तोंडावर चोर कसं म्हणायचं? मास्तरांनी डोकं चालवलं. खिसे तपासायचा मान जगात दोघांनाच असतो, पोलिसाला आणि शिंप्याला. ते टेप घेऊन ड्रिल सरांकडे गेले.

“सर, तुमच्या कोटाचं माप घ्यायला आलो.”

“माझ्या? मी कुठे कोट टाकलाय?”

“तुम्हाला एक हवाच की. खांदे बघा तुमचे, अजून कसे आहेत.”

सर खांद्यांच्या बाबतीत हळवे होते. ते ताठ उभे राहिले, हात आडवे पसरले आणि स्वतःच स्वतःला “सावधान” म्हणाले. मास्तरांनी छाती मोजली, कंबर मोजली आणि चारही खिशांत हात घालून आले. खडू, रुमाल, चावी आणि एक जुना दात. रसभरी नाही, रसभरीचा डागही नाही.

“हा दात?” मास्तरांनी न राहवून विचारलं.

“माझाच. आठवण म्हणून,” सर म्हणाले. “बरं, कोट कधी मिळेल? सिस्टरांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला घालीन म्हणतो. एकतीसला संध्याकाळी आहे ना?”

मास्तर चोर शोधायला गेले होते आणि कोट गळ्यात घेऊन आले. त्यात घरी सिस्टरांचा ड्रेस वेगळाच पडला होता. निरोपासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः अख्खं कापड आणलं होतं, आकाशी रंगाचं, साडेतीन मीटर, एका ताग्यातलं. “तीस तारखेपर्यंत द्याल ना?” असं त्यांनी विचारलं होतं, आणि मास्तरांनी रसभऱ्यांच्या तंद्रीत छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

दोन दिवसांनी मास्तरांना एका कुंडीच्या मागे एक कंदील सापडला. वाळका, तपकिरी, कागदासारखा कुरकुरीत. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि त्यांना भरून आलं. कापडाचा रंग उडाला की माल गेला, हे त्यांना चौतीस वर्षांचं शिक्षण. आत काय आहे हे न बघताच त्यांनी तो कुंपणापलीकडे भिरकावून दिला. चोरी नव्हती तर. फळं झाडावरच मरत होती, मरून गळत होती, आणि हलकी असल्यामुळे वाऱ्याने उडून जात होती. सगळा हिशोब जुळला.

ते धावत बियाणेवाल्या काकूंकडे गेले. दुकानाला कुलूप होतं आणि दारावर पाटी होती. ‘बाहेरगावी गेले आहे. उद्या या.’ मास्तर त्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. रोज जाऊन पाहिलं तरी पाटी तीच. आपली गिऱ्हाइकं आपल्याबद्दल घरी जाऊन काय बोलत असतील, याची त्यांना प्रथमच कल्पना आली.

“फळ गळतंय रे,” त्यांनी मेहुण्याला सांगितलं. “देठच कच्चा आहे. बारा दिवस राहिलेत.”

मेहुणा सहज म्हणाला, “बटण गळायला लागलं तर तुम्ही काय करता भाऊजी?”

मास्तर एकदम उभे राहिले.

त्या दुपारी दुकान बंद झालं. मास्तरांनी काजाचा रेशमी दोरा काढला, मेण लावून घेतला, बोटाला शिवणाचं टोपण चढवलं आणि पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. प्रत्येक कंदिलाच्या देठाला तीन वेढे, फांदीला दोन, मग गाठ. नवे जुने धरून कंदील शंभरावर गेले होते. तीन दिवस ते एका स्टुलावर वाकून बसले होते. चौथ्या दिवशी त्यांनी झाड गदागदा हलवून पाहिलं. एक फळ पडलं नाही. अशी पक्की बटणं त्यांनी कुणाच्या कोटाला लावली नव्हती.

फळं टिकली, पण घरात काहीतरी बिनसलं. सिस्टर गप्प झाल्या. एरवी सकाळी येताना गुणगुणत यायच्या, मास्तरांना झोपेत ऐकू यायचं, ते बंद झालं. संध्याकाळी डबा भरताना त्या विचारू लागल्या.

“माझं काही चुकलं का?”

“छे. का गं?”

“नाही, म्हटलं रागावलात की काय.”

“मी कशाला रागावू?”

“वांगी फार आवळून बांधलीत तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या.

मास्तरांना वाटलं, नोकरी सुटायच्या कल्पनेने बिचारी हळवी झाली आहे. आता तर वाटी भरायलाच हवी. पण वाळक्या कंदिलांची संख्या रोज वाढत होती. मास्तर ते पाहून कष्टी होत आणि बायकोला दिसू नयेत म्हणून त्या फांद्या भिंतीकडे वळवत. फरशीच्या बाजूला नुसते हिरवेगार, ताठ, टवटवीत कंदील. मेलेल्यांचा त्यांनी नाद सोडला.

इकडे मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. त्याने ताईला सांगितलं नाही हे खरं. त्याने वॉर्डातल्या मेट्रनला सांगितलं, तेही तिच्या चष्म्याचा नंबर काढताना. “एकतीसला सकाळी सहाला, वाटीभर. वरून दुसरं अक्षर कोणतं दिसतंय?” मेट्रनने अक्षर बरोबर सांगितलं आणि वॉर्डात जाऊन सिस्टरांखेरीज सगळ्यांना बाकीचंही सांगितलं.

एकतीसला मास्तर पाच वाजता उठले. एवढ्या पहाटे त्यांना पाहून त्यांची इस्त्रीसुद्धा दचकली असेल. त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, टेप गळ्यात टाकली, आणि लहान कात्रीने दोरे कापून मोठ्यात मोठे, हिरव्यात हिरवे कंदील खुडले. टरफलं सोलली. आतल्या गोट्याही हिरव्या निघाल्या. मास्तरांनी क्षणभर विचार केला. सिस्टर पिवळ्या म्हणाली होती. पण ती लहान होती तेव्हा, आणि इतक्या वर्षांत रंग बदलले असतील. वाटी शिगोशीग भरली. घड्याळात पाच पंचावन्न झाले होते. मास्तर वाटी घेऊन दारात उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते कुणाची तरी वाट बघत होते, आणि काम तयार होतं.

सहाला फाटकाशी ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली.

मास्तरांच्या हातून वाटी पडायचीच. पण मागचं दार उघडलं आणि आतून सिस्टर उतरल्या, त्यांच्यामागे मेट्रन, मेट्रनमागे चार नर्सा, सगळ्या रात्रपाळीच्या, डोळे लाल, चेहऱ्यावर उत्साह. दुसरी गाडी मिळाली नाही म्हणून हीच घेऊन आल्या होत्या. ॲम्ब्युलन्स बघून पलीकडून ड्रिल सर बनियनवर धावत आले.

“मास्तर गेले?” त्यांनी शिट्टी हातात धरून विचारलं.

“इथेच आहे,” मास्तर म्हणाले.

“मग ठीक,” सर म्हणाले आणि आलोच आहोत तर म्हणून थांबले. मेहुणा सगळ्यांच्या आधीपासूनच कुंपणाशी उभा होता.

मास्तरांनी भाषण तयार केलं होतं. पाच वाक्यांचं. त्यातली चार विसरली.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ही उरलेली नाही. तुझ्यासाठीच केली आहे.”

सिस्टरांनी वाटीत पाहिलं. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक रसभरी उचलून तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. तरी त्या म्हणाल्या, “छान आहे.”

तेवढ्यावर भागलं असतं. पण मास्तरांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं. ते वाटी घेऊन सगळ्यांपुढून फिरले. नर्सांनी एकेक घेतली. ड्रिल सरांनी दोन घेतल्या. मेट्रनने तीन घेतल्या, कारण ती मेट्रन होती. मग चार नर्सांचे चेहरे एका वेळी आत ओढले गेले. ड्रिल सरांच्या तोंडून आपोआप शिट्टी वाजली. आणि ज्या मेट्रनच्या चेहऱ्यावरची सुरकुती वीस वर्षांत कुणी हललेली पाहिली नव्हती, तिने कुंडीकडे वळून सभ्यपणे तीनही रसभऱ्या मातीत ठेवल्या.

“कच्च्या आहेत,” मेट्रन म्हणाली. “कुणी गिळू नका. गिळली असेल तर गाडी दारात आहे.”

मास्तरांच्या हातातली वाटी खाली आली. त्यांचा चेहरा पडला, खांदे पडले, गळ्यातली टेपसुद्धा एका बाजूने सरकली.

“मी मोठ्या बघून घेतल्या गं,” ते एवढंच म्हणाले. “चांगल्या होत्या त्या वाळून गेल्या. गळायला लागल्या म्हणून बांधल्यासुद्धा. मला नाही जमलं.”

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी मास्तरांच्या खिशातली छोटी कात्री काढून घेतली, सरळ भिंतीकडे गेल्या आणि वळवून ठेवलेली फांदी पुढे ओढली. वाळके, तपकिरी, कागदी कंदील दाटीने लटकत होते. कच. कच. कच. दोरा तुटला की कंदील टपकन फरशीवर. सिस्टरांनी एक उचलून टरफल मागे सारलं. आत मधासारखी पिवळीधम्मक गोटी.

“आ करा,” त्या म्हणाल्या. नर्सच्या सुरात म्हणाल्या, त्यामुळे मास्तरांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

चार महिन्यांत त्यांनी एकही चाखली नव्हती. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

“अगं, ही तर...”

“ही पिकली की आपली आपण पडते. पडली की उचलायची. झाडावरून तोडायची नाही.”

“काकू हेच सांगत होत्या,” मास्तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

“आणि गळल्या त्या गेल्या कुठे?” मेहुण्याने विचारलं. “भाऊजींनी तर सरांचे खिसेसुद्धा तपासले.”

“माझे?” ड्रिल सर म्हणाले.

सिस्टर आता हसत होत्या. “अहो, रोज सकाळी सहाला फाटक उघडलं की वाटेवर पाच-सहा रसभऱ्या पडलेल्या असायच्या. रात्रभर उभी असायचे मी, पोटात काही नसायचं. एकेक उचलत दारापर्यंत यायचे. मला वाटलं, निजण्याआधी तुम्हीच माझ्यासाठी ठेवून देता.”

“मी?”

“रांगेत नसायच्या. पण तुमचं काय कधी रांगेत असतं? तुम्ही वांगी म्हणत होतात, म्हणून मीही वांगीच म्हटलं. टरफलं पिशवीत टाकून फरशी झाडून घ्यायचे, तुमचा पसारा तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि मग बारा दिवसांपूर्वी एकदम बंद झाल्या. बघते तर एकेक फळ बांधून टाकलेलं. माझ्या मनात आलं, माझ्यावरच रागावलेत.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मास्तर फरशीकडे बघत होते.

“म्हणजे इतके दिवस...” त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला.

“रोज,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. “एक दिवस चुकला नाही. बरोबर सहाला. चौतीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा काहीतरी वेळेवर दिलंत, आणि तुम्हालाच पत्ता नाही.”

मास्तरांना एकाच वेळी हसू येत होतं आणि रडूही. शेवटी त्यांनी टेपच्या टोकाने नाक पुसलं. नर्सा खाली बसून रसभऱ्या गोळा करू लागल्या. मेहुणा कापत होता, सिस्टर झेलत होत्या, मेट्रन सोलून खात होती आणि कोण किती खातं यावर लक्ष ठेवत होती. वाटी भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. मास्तर मधोमध उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, वाळकी बघून घ्या, वाळकी, जणू हा शोध त्यांनीच लावला होता.

तोंड पुसत मेट्रन उठली. “चला. संध्याकाळी पाचला निरोपाचा कार्यक्रम. सिस्टर, तो नवा आकाशी ड्रेस घालून या हं, सगळ्यांना दाखवायचाय.”

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. “झालाय ना हो?”

मास्तरांच्या घशातली रसभरी तिथेच थांबली. आकाशी कापडाचं त्यांनी शेवटचं तोंड पाहिलं होतं ते काजाचा दोरा शोधताना, आणि तेही घडीतच. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, टेप एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“उद्या,” ते म्हणाले.

सिस्टरांनी एक लांब श्वास घेतला आणि त्या मेट्रनकडे वळल्या.

“मॅडम, मला उद्या निवृत्त होता येईल का?”

मेट्रन उत्तर देणार, एवढ्यात ड्रिल सरांनी शाळेत करत तसा हात वर केला.

“परवा ठेवा,” ते म्हणाले. “माझा कोटही त्यांच्याकडेच आहे.”